लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालात? आधी काकांची औषधं, मग लाडवांचा डबा

साताऱ्याकडच्या एका वाचक काकूंचं पत्र आलंय, ते थोडक्यात असं आहे:

"आम्ही दोघं साताऱ्याजवळच्या गावात राहतो, मी ६१ आणि हे ६६. मुलगी शिकागोला असते, ऑक्टोबरच्या शेवटी तिचं बाळंतपण आहे म्हणून अनंत चतुर्दशीनंतर चार-पाच दिवसांनी आम्ही निघतोय, तीन महिने राहणार. विमानात पहिल्यांदाच बसणार आहोत. मुंबई-दोहा-शिकागो असं तिकीट आहे, ३० सप्टेंबरला पहाटे ४ वाजून १० मिनिटांचं. ह्यांना डायबेटिस आहे, गोळ्या आणि रात्री इन्सुलिनचं इंजेक्शन. माझे गुडघे दुखतात पण चालता येतं. शेजारच्या वहिनी दोनदा जाऊन आल्यात, त्या म्हणतात दोघांनाही व्हीलचेअर सांगा म्हणजे इंग्रजी बोलायची वेळ येत नाही, आणि खाण्याचं काय आणलंय विचारलं तर सरळ नथिंग म्हणा. डिंकाचे लाडू, अनारसे, घरचं तूप, मेतकूट, कढीपत्ता, बाळगुटीचं सामान असं सगळं न्यायचंय. मुलगी म्हणते काहीच आणू नका. विमानात आणि तिकडे कसं वागायचं तेही सांगा, आपल्यामुळे मुलीला मान खाली घालायला लागू नये."

काकू, तुमच्या पत्रात खाण्याच्या वस्तूंची यादी एवढी मोठी आणि काकांच्या इन्सुलिनबद्दल एक ओळ, तर मी आधी त्या एका ओळीपासून सुरू करते कारण ह्या सगळ्या प्रवासात खरी जपायची गोष्ट तीच आहे, बाकीचं निभावून नेता येतं.

इन्सुलिन चेक-इनच्या बॅगेत अजिबात टाकायचं नाही. एक तर ती बॅग उशिरा येऊ शकते किंवा हरवू शकते, आणि सामानाच्या कप्प्यात थंडी इतकी पडू शकते की इन्सुलिन गोठतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन परत वितळलं तरी ते वापरायचं नसतं, दिसायला नेहमीसारखंच दिसतं म्हणून तर जास्त धोक्याचं. त्यामुळे इन्सुलिन, सुया, शुगर तपासायचं मशीन, पट्ट्या, सगळ्या गोळ्या हे एका छोट्या पिशवीत आणि ती पिशवी काकांच्या खांद्याला, वरच्या कप्प्यात पण नाही, पायाशी ठेवायची. बर्फाची जेल पिशवी ठेवलीत तर इन्सुलिन तिला चिकटून ठेवू नका, मध्ये रुमाल गुंडाळा. सिक्युरिटीला स्वतःहून सांगा की ह्यात इन्सुलिन आणि सुया आहेत, डॉक्टरांचं पत्र पुढे करा, रोज शेकड्याने असे पेशंट जातात त्यांच्यासमोरून, कुणी अडवत नाही.

आता वेळेचा हिशोब, हा नीट वाचा आणि काकांनाही वाचून दाखवा. शिकागो तेव्हा आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असेल. काका समजा रोज रात्री १० ला इंजेक्शन घेतात, २९ तारखेला रात्री १० ला मुंबईत घेतलं आणि पुढचं शिकागोत पोचून तिथल्या रात्री १० ला घेतलं तर मध्ये २४ नाही, साडेचौतीस तास जातात. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो तो असा. आणि परत येताना उलटं, दिवस आखूड होतो, म्हणजे दोन डोस जवळ-जवळ येतात आणि शुगर खाली जायची भीती. ह्याचं उत्तर मी देणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांनीच द्यायचंय, पण त्यांच्याकडे जाताना तिकीट घेऊन जा, कुठून किती वाजता निघतोय, कुठे किती वाजता उतरतोय ते दाखवा आणि प्रत्येक डोस कधी आणि किती हे कागदावर लिहून घ्या, जातानाचं वेगळं, येतानाचं वेगळं. काकांच्या हातातलं घड्याळ शिकागोला उतरेपर्यंत भारतातल्या वेळेवरच राहू दे, मोबाईल आपोआप वेळ बदलतो म्हणून त्याच्यावर विसंबू नका.

तोच कागद करताना डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत एक पत्र पण घ्या, त्यात औषधांची कंपनीची नावं नकोत, मूळ औषधाची नावं हवीत, कारण आपल्याकडची ब्रँडची नावं तिकडे कुणाला माहीत नसतात, साध्या पॅरासिटामॉललाही तिकडे असिटामिनोफेन म्हणतात. तीन महिन्यांची औषधं न्या, गोळ्या स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नका, स्ट्रिप तशाच ठेवा आणि बिलं सोबत. अजून एक, तुमच्या गुडघ्याच्या गोळ्यांमध्ये ट्रामाडॉल नावाचं जोरदार वेदनाशामक आहे का ते स्ट्रिपवर वाचा. आखाती देशांत ट्रामाडॉल आणि कोडीन असलेल्या औषधांवर फार कडक नियम आहेत, तुम्ही दोहावरून जाताय, तेव्हा असेल तर डॉक्टरांना दुसरी गोळी मागा, ते लगेच बदलून देतील.

आणि संकष्टी. ती त्याच सुमारास येतेय असं दिसतंय, काका करत असतील तर मी हात जोडून सांगते की प्रवासाच्या दिवशी उपास करू देऊ नका. गोळ्या आणि इन्सुलिन घेऊन पोट रिकामं ठेवायचं, त्यात झोप नाही, आणि चंद्रोदय तरी नेमका कुठला धरायचा? घरून निघण्याआधी गणपतीला सांगून ती एक संकष्टी सोडा. विमानातलं जेवण उशिरा येऊ शकतं म्हणून काकांच्या खिशात ग्लुकोजची पावडर किंवा खडीसाखर आणि पिशवीत दशम्या, भाजलेले चणे, असं काहीतरी हवंच. घाम फुटला, हात थरथरले, उगाच चिडचिड झाली तर वाट न बघता आधी साखर तोंडात, मग एअर होस्टेसला बोलवायचं. जेवणाचं म्हणाल तर तिकीट काढून झाल्यावर एअरलाइनला कळवून एशियन व्हेजिटेरियन मील सांगून ठेवा, निघायच्या दोन दिवस आधी तरी. डायबेटिक मील म्हणूनही एक प्रकार असतो पण ते शाकाहारी असेलच असं नाही, तुम्ही शाकाहारी असाल तर त्या भानगडीत पडू नका.

तारखेचा घोळ होऊ देऊ नका हं. ३० तारखेला पहाटे ४:१० म्हणजे तुम्हाला २९ च्या रात्री एअरपोर्टवर असायचंय, बारा-साडेबाराला टर्मिनल २ च्या दारात. दर वर्षी कुणीतरी ३० च्या रात्री बॅगा घेऊन पोचतं आणि विमान कधीच गेलेलं असतं. साताऱ्याहून २९ ला दुपारीच निघा, घाट आणि एक्सप्रेसवेचा भरवसा नसतो, आणि काकांचं रात्रीचं जेवण त्यांच्या वेळेला वाटेत होऊ दे.

विमानात दोहा ते शिकागो चौदा-पंधरा तास बसायचंय. इतका वेळ पाय खाली सोडून बसलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायची शक्यता वाढते, चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात ती साधारण दुप्पट होते असं जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आलंय, तरी सुद्धा ती साधारण ६,००० प्रवाशांत एकाला होते, म्हणजे घाबरायचं नाही पण आळसही करायचा नाही. दर दीड-दोन तासांनी उठून एक चक्कर मारा, बसल्या जागी टाचा वर-खाली करा, पाणी पीत रहा. आतली हवा फार कोरडी असते, ओठ आणि नाक सुकतं, व्हॅसलिनची छोटी डबी ठेवा. वारंवार बाथरूमला जायला लागेल म्हणून पाणीच न पिणाऱ्या बायका मी बघितल्यात, असं करू नका, त्यापेक्षा आतल्या बाजूची म्हणजे पॅसेजजवळची सीट मागून घ्या. चपला-बूट सैल घाला कारण पाय सुजतात. विमान उतरायला लागलं की कान दुखतात, तेव्हा झोपून राहू नका, लवंग किंवा गोळी चघळत रहा, गिळलं की कान मोकळा होतो. काकांना आधी कधी पायात गुठळी झाली असेल किंवा हार्टचं काही असेल तर घट्ट मोज्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, मनाने आणू नका.

विमानातल्या बाथरूमबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण सांगतेच, कारण हे कुणी सांगत नाही आणि पहिल्यांदा जाणाऱ्याची तिथेच तारांबळ उडते. दार बहुतेक मधोमध घडी होऊन आत जातं, तेव्हा कडी शोधत बसू नका, मध्यावर ढकला. आत गेल्यावर कडी लावली की मोठा दिवा लागतो, कडी लावली नाही तर अंधुक उजेडातच बसाल आणि बाहेरचा माणूस दार उघडेल. पाण्याचा जेट नसतो. छोटी रिकामी बाटली सोबत न्या, बेसिनला भरा आणि वापरा, पण जमिनीवर पाणी सांडलं तर टिश्यूने पुसून बाहेर या, आपल्यानंतर येणाऱ्याने मोजे घातलेले असतात. अनवाणी जाऊ नका. फ्लशचा आवाज खूप मोठा होतो, दचकू नका. एवढं केलंत तरी विमानातलं निम्मं मॅनर्स झालं. उरलेलं म्हणजे जेवण चालू असताना सीट मागे टाकायची नाही, मोबाईलवर कीर्तन-भजन ऐकायचं तर कानात इअरफोन घालून, दोन रांगा सोडून बसलेल्या माणसाशी मोठ्याने बोलायचं नाही, एअर होस्टेसला हात लावून किंवा "ओ ताई" करून बोलवायचं नाही, वरचं बटण दाबायचं नाहीतर एक्स्क्यूज मी म्हणायचं, आणि चाक जमिनीला लागलं की लगेच उठून बॅगा काढायच्या नाहीत.

व्हीलचेअरचं. काकू, तुमचे गुडघे दुखतात, शिकागोचं ओहेअर एअरपोर्ट प्रचंड मोठं आहे, इमिग्रेशनच्या लाईनमध्ये तास-दीड तास उभं रहायला लागू शकतं, तेव्हा तुमच्यासाठी व्हीलचेअर मागायला काहीच हरकत नाही, दोन दिवस आधी एअरलाइनला कळवा, पैसे लागत नाहीत. पण काका धडधाकट चालतात, त्यांच्यासाठी मागू नका, ते तुमच्या बरोबरीनेच चालत येतील आणि सहसा सोबतच्या माणसाला वेगळं काढत नाहीत. आपल्याकडून जाणाऱ्या विमानांत इतक्या व्हीलचेअर मागितल्या जातात की ज्याला खरंच उभं राहता येत नाही तो बिचारा ताटकळत बसतो. खुर्ची ढकलणाऱ्याला अमेरिकेत शेवटी पाच-सात डॉलर हातात द्यायची पद्धत आहे, सुट्ट्या नोटा काढून ठेवा.

इंग्रजीची एवढी धास्ती घेऊ नका. इमिग्रेशनचा ऑफिसर बोटांचे ठसे घेतो, फोटो काढतो आणि तीन-चार गोष्टी विचारतो: का आलात, किती दिवस, कुणाकडे, परतीचं तिकीट आहे का. "टू मीट माय डॉटर. शी इज हॅविंग अ बेबी. थ्री मंथ्स." एवढं बास झालं, आणि परतीच्या तिकिटाचा कागद पुढे करा. कळलं नाही तर मान डोलवून यस यस करू नका, हे मी मुद्दाम सांगते कारण न कळता म्हटलेल्या यस मुळेच गोंधळ होतो, सरळ म्हणा "हिंदी प्लीज", ते भाषा जाणणाऱ्या माणसाची सोय करतात. मुलीचा पत्ता, तिचा आणि जावयाचा फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहिलेला कागद दोघांच्या पिशवीत वेगवेगळा ठेवा, दोहाला तुम्ही एकमेकांपासून चुकलात तरी दोघांकडे असला पाहिजे. व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर दोन्ही पासपोर्ट घ्या.

आता वहिनींचा "नथिंग". इथे मात्र मी वहिनींच्या पूर्ण विरोधात आहे. अमेरिकेत खाण्याचे पदार्थ आणणं हा गुन्हा नाही, आणलेले लपवणं हा आहे. "येस, फूड, होममेड स्वीट्स" असं सांगितलं तर ते बॅग बघतात, चालणारं ठेवतात, न चालणारं काढून टाकतात आणि तुम्हाला सोडतात, दंड नाही काही नाही. लपवलं आणि सापडलं, आणि त्यांच्याकडे वास घेणारे कुत्रे असतात, तर दंड ३०० डॉलरपासून सुरू होतो, आणि पुढच्या वेळी तुमच्या नावापुढे ते दिसत राहतं. मुलीची मान खाली जायची तुम्हाला भीती आहे ना, ती अशाने जाईल.

तुमच्या यादीतलं बघू. कढीपत्ता नाही, तो लिंबाच्या झाडांवरच्या रोगामुळे बंद आहे. ताजी फळं, भाज्या, पेरायचं बी नाही. नुसत्या तुपाचे आणि दुधाच्या पदार्थांचे नियम किचकट आहेत, त्यात शिरू नका, तूप शिकागोत भारतीय दुकानांत मिळतं, आणि गुजराती, मराठी, तेलुगू सगळी मंडळी तिकडे भरपूर असल्यामुळे पोह्यांपासून सगळं मिळतं. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी खुशाल न्या, पॅकबंद आणि वर इंग्रजीत नाव लिहून. आणि खसखस, काकू, ही सगळ्यात महत्त्वाची. आखाती देशांत खसखस अफूशी जोडून बघतात आणि तिच्यासाठी लोक अडकलेत. अनारशांवर खसखस, डिंकाच्या लाडवांत खसखस, ह्या खेपेला सगळं बिनखसखशीचं करा. अनारसे तीळ लावून छान होतात. सुकं खोबरं विमानात पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात, वाट्या घेऊन जाऊ नका. पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत टाकायची नाही, ती हातातच.

डिंकाचे लाडू तुमच्या हातचे पाहिजेतच, मुलगी नको म्हणत असली तरी. पण एक डबा. उरलेली मोकळी जागा तुमच्या उबदार कपड्यांना द्या, नोव्हेंबर-डिसेंबरची शिकागोची थंडी तुम्ही महाबळेश्वरला बघितलेल्या थंडीसारखी नाही, तिकडे पारा शून्याच्या खाली जातो. डिसेंबरचा जड कोट मात्र तिकडेच घ्या.

बाळगुटीबद्दल मला थोडं स्पष्ट लिहावं लागतंय, राग मानू नका. बाळाच्या जिभेवर मध लावायचा नाही, वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो, हे तिकडचे डॉक्टर पहिल्याच भेटीत सांगतात आणि आपले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. काजळात शिसं सापडतं, तेही नको. गुटीतल्या कुठल्या मुळीत काय मिसळलेलं आहे ते आपल्याला कळत नाही. मुलीने नाही म्हटलं तर ती तुमचा अपमान करत नाहीये, तिच्या डॉक्टरांनी तिला हे बजावलेलं असतं. मालिश करा, तिला मेथीची भाजी, आळीवाची खीर करून घाला, रात्री बाळ घेऊन तिला दोन तास झोपू द्या, तिकडे तिला नेमकी हीच मदत मिळत नसते.

तिकडच्या घरात दोन गोष्टी सांभाळा. खमंग फोडणी दिली की छतावरचा स्मोक अलार्म वाजतो, म्हणून आधी चिमणी लावा, खिडकी उघडा, मग तेल तापवा, उदबत्ती-धुपाचंही तसंच. आणि बाथरूमच्या जमिनीला पाणी जायला जाळी नसते, अंघोळ टबातच आणि पडदा टबाच्या आतल्या बाजूला घालून, नाहीतर पाणी खालच्या घरात. शेजाऱ्यांना हाय करा, पण त्यांच्या पोरांच्या गालाला हात लावू नका, पगार-वय-लग्न विचारू नका. हॉटेलात बिलावर १५ ते २० टक्के टिप ठेवतात, ती जावई बघतील, तुम्ही एवढे पैसे कशाला म्हणून टेबलावर बोलू नका.

दोन कामं मात्र आत्ताच करा. पहिलं, ट्रॅव्हल इन्शुरन्स. काकांचा डायबेटिस लपवू नका, फॉर्ममध्ये लिहा, आणि एजंटला लेखी विचारा की आधीपासून असलेल्या आजारामुळे इमर्जन्सी आली तर किती पैसे मिळतील, कारण स्वस्त पॉलिसीत तेच वगळलेलं असतं आणि अमेरिकेत एका रात्रीच्या हॉस्पिटलचं बिल हजारो डॉलरमध्ये जातं. दुसरं, नवजात बाळाला डांग्या खोकल्याची लागण बहुतेक वेळा घरातल्या माणसांकडूनच होते, म्हणून तिकडे आजी-आजोबांना टीडॅपची लस घ्यायला सांगतात, बाळाला हात लावायच्या किमान दोन आठवडे आधी. फ्लूची पण घ्या. दोन्ही लशी साताऱ्यात मिळतील, नाही मिळाल्या तर पुण्यात. काकांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट काढाल तेव्हा एकाच फेरीत डोसचा कागद, पत्र आणि दोघांच्या लशी हे सगळं उरकून घ्या, आणि पॉलिसी हातात आल्यावर त्यातलं काही कळलं नाही तर मला पाठवा, मी वाचून सांगते.